रुग्णवाहिका आणि फलाशा

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याहून माळशिरसास येते, तेव्हा तेथील रुग्णवाहिकेस दिवसभर उसंत म्हणून नसते. घेरी येऊन पडलेल्या वारकऱ्यास रुग्णालयात पोचवावे, तोच दुसरे बोलावणे यावे. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेत गाडीवर डॉक्टरही असतो. परंतु पोचविलेला रोगी पुढे जगला की दगावला, हे त्याला वा चालकाला बहुधा कळत नाही. फलाशा सोडावी, असा उपदेश आपण घरी बसून करतो. येथे तर फळाची वाट पाहण्यास सवडच नाही. मग या नाइलाजास निष्काम कर्म म्हणावे काय? मला वाटते, म्हणावे. विचारपूस करण्याची इच्छा मनात असतानाच तो पुढच्या हाकेला धावतो. ज्याला इच्छाच नाही, अशा विरक्ताला सोडावे लागते तरी काय?