आधी सागरगोटे हातात दे

वराळे, ता. मावळ

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पानं चष्मा पुसपुसून पाहिली. जोसेफ स्ट्रटचं 1801 सालचं पुस्तक, इंग्लंडातल्या लोकांच्या खेळांचं. माणूस पेशानं कोरक्या, जुन्या पोथ्यांमधली चित्रं उतरवून घेणारा. पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी गेला बिचारा. असंच पुस्तक आपल्या मावळातल्या खेळांचं करायचं म्हणतेस. जरूर कर. पण चित्रकलेच्या तासाला जन्मभर खडू झिजवलेल्या आत्याचं थोडं ऐक.

त्यात 1344 सालच्या पोथीतलं एक चित्र आहे बघ. बाई चेंडू टाकते आहे, समोरचा दांडकं उगारून उभा आहे. स्ट्रटनं त्याला ‘क्लब-बॉल’ म्हटलं आणि क्रिकेटचं मूळ त्यात शोधलं. पुढच्या अभ्यासकांना ते काही पटलं नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईला तो विचारणार तरी कसा, की बाई गं, आऊट कधी व्हायचं? चित्र हाती लागलं होतं, डाव हरवला होता. तुला विचारायला माणसं आहेत, तेव्हा अंदाजानं एक ओळ लिहू नकोस.

त्याच पुस्तकातला ‘टिप-कॅट’ पाहून मात्र मी हसले. सहा इंचांचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता, टोकावर मारून उडवायचा. अगं, ही आपली विटी! आता विटी-दांडू काढायला तुला दहा मिनिटं लागतील. पण आम्ही दांडूनं अंतर मोजताना वकट, लेंड, मुंड, नाल म्हणायचो, ते कागदावर कसं उतरवशील? एखाद्या तेलुगू मैत्रिणीला एक ते चार मोजायला सांग: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. इंद्रायणीकाठची पोरं कुठल्या भाषेत मोजत होती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून चित्राखाली बोललेला शब्द जसाच्या तसा लिही. शेजारच्या गावात वेगळा म्हणत असतील तर तोही लिही. शुद्ध करायला जाऊ नकोस.

नियमांची तुला टंचाई पडायची नाही. बडोद्याहून मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, 1936 ते 1949 अशी वर्षं खपून. तो जरूर चाळ, मोठं काम आहे. पण नियमांच्या पुस्तकात लिंबूटिंबू नसतो. धाकट्या भावाला घेतल्याशिवाय आई खेळायला सोडत नसे, मग तो खेळात असून नसल्यासारखा. बाद झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. तिघांनी हात पालथे-उताणे टाकून चकणं, हरायला आलं की मूठ तोंडाशी नेऊन ‘टॅम्प्लीज’ ओरडणं, आणि डावापेक्षा लांबलेलं भांडण. माझ्या मते निम्मा खेळ तिथेच असतो. तो आधी काढ.

म्हाताऱ्या बायकांकडे वही उघडून ‘तुम्ही कोणते खेळ खेळायचात?’ असं विचारत बसू नकोस. ‘कसले खेळ बाई, कामातनं सवड कुठे होती!’ एवढंच ऐकून परत येशील. दुपारी भांडी आवरली की जा आणि गप्प पाच सागरगोटे त्यांच्या हातात दे. तोंड विसरलेलं असतं, मनगट विसरत नाही. एक वर उडाला, खालचे वेचले, वरचा झेलला, की त्या मनगटाचं चित्र घे. फुगडीचंही तसंच. चेहरे नंतर काढ, आधी पायांचे चवडे आणि हातांची पकड बघ. बसफुगडीत उड्या मारणारे गुडघे तुला उभ्यानं दिसायचे नाहीत, जमिनीवर बस. कपडे मळू देत.

आणि न आवडणारं गाळू नकोस. स्ट्रटला बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ घेतल्यावाचून सुटका नव्हती. तिकडे त्यावर बंदी आली ती 1835 साली. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीचं तसंच. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केली, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली, 2023 मध्ये शर्यतीला परवानगी देणारा कायदाही न्यायालयात टिकला. मला विचारशील तर शर्यतीच्या घाटात गेल्यावर माझी नजर गाड्यावर कमी आणि बैलाच्या डोळ्यांवर जास्त जाते. तुझ्या बापाचं उलट, त्याचं लक्ष सेकंदांवर. आम्हा दोघांचं पटणार नाही. तू भंडाराही काढ आणि बैलाचा डोळाही काढ, निकाल देऊ नकोस.

रविवारी येतेस ना? सागरगोटे मंडईत मिळाले तर आण, इकडे कुंपणं गेली तसे गजग्यांचे वेलही दिसेनासे झाले. मागच्या आळीतल्या काकूंना तू येणार म्हणून सांगून ठेवलंय. ‘मला काही येत नाही’ म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, ‘पाच आणणार ना? चारात डाव होत नाही.’

तुझी,
आत्या