अग्नीखालची भूमी
काळबादेवीच्या भुयारी स्थानकातून घाईने ये-जा करणाऱ्या चाकरमान्यास, जवळच्याच वाडियाजी आतशबेहराम या पारशी अग्निमंदिरात १८३० पासून अखंड प्रज्वलित असलेल्या अग्नीचे स्मरण होत असेलच असे नाही. परंतु त्या अग्नीचा भूमीशी असलेला संबंध मेट्रोच्या बोगद्याने खंडित होईल, अशी फिर्याद २०१८ साली काही पारशी भाविकांनी मुंबई उच्च न्यायालयात गुदरली होती. हादऱ्यांचे माप अभियंता देईल. पण पावित्र्य जमिनीत किती हात खोल उतरते, हे कोणत्या मोजणीदाराने सांगावे? अर्ज अखेर फेटाळला गेला. ज्या अग्नीस दिवसातून पाच वेळा मनुष्यहस्ते चंदन अर्पावे लागते, त्याचे पावित्र्य भूमीपेक्षा त्या अर्पणातच अधिक असावे, असे मला वाटते. अर्थात हे परधर्मीयाचे मत, आणि परधर्मीयास तेथे उंबरठ्याआड मज्जावच आहे.