गाडीला हात लावू नका

मागच्या एप्रिलमध्ये मी वडिलांना म्हणालो, "अप्पा, आता गाडीला हात लावू नका." आवाज चढा नव्हता. ते "बरं" म्हणाले, हातातलं फडकं पायरीवर ठेवलं आणि आत गेले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नंतर मात्र हे वाक्य डोक्यातून जाईना. त्यात नेमकं काय चुकलं, हे स्वतःला समजावून सांगण्याचा हा प्रयत्न.

अप्पा एसटीत चालक होते. निवृत्त झाल्यावर आम्ही एक सेकंडहँड वॅगनआर घेतली, गडद निळी. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाची ही पहिली स्वतःची गाडी. रोज सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, ते सोलापुरी चादरीचा एक जुना तुकडा घेऊन गाडी पुसायचे. कोरडीच. बॉनेटपासून सुरुवात करून गोल गोल हात फिरवत डिकीपर्यंत. जाता-येता कुणी दिसलं की हात चालू ठेवूनच गप्पा. गाडी कुठे जायची असो वा नसो, हा नेम चुकत नसे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येतो. रात्री झोप येईना की गाड्या चकचकीत करण्याचे व्हिडिओ बघतो. त्या व्हिडिओंनी मला आमची गाडी नव्यानं दाखवली. उन्हात तिरकं पाहिलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल ओरखडे. गडद रंगावर ते जास्तच दिसतात. कारण उघड होतं. रात्रभर बसलेली धूळ म्हणजे बारीक खडी, आणि कोरडं फडकं ती खडी रंगावर घासत होतं. अप्पांच्या हाताची गोलाई त्या ओरखड्यांत जशीच्या तशी उतरली होती.

गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात: गंज रोखणारा, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून शंभर-दीडशे मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नासचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक. ओरखडे घालवायला पॉलिश करतात, म्हणजे आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून काढतात. ही चमक थोडा क्लिअर कोट कमी करून मिळते, त्यामुळे ती पुन:पुन्हा मिळवता येत नाही. वॅक्सचं काम उलट. ते क्लिअर कोटवर आणखी एक अतिशय पातळ थर चढवतं. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, थोडीफार घासाघास हे सगळं आधी त्या थरावर येतं. तो झिजतो, आपण पुन्हा लावतो. झिजणं हेच त्याचं काम.

त्या एप्रिलच्या रविवारी मी पहाटे उठून हे सगळं साग्रसंगीत केलं. एक बादली साबणाची, एक फडकं खळबळायची, एक शेवटच्या पाण्याची. गाडी सावलीत, कारण तापल्या पत्र्यावर वॅक्स पसरत नाही, नुसतं चिकटतं. वॅक्स बोटभर घेऊन पातळ पसरायचं, धुरकट झालं की मऊ कापडानं उतरवायचं. काही तासांनी दुसरा थर. दुसऱ्या थराचा खरा उपयोग पहिल्यात सुटलेल्या जागा भरून काढण्यापुरता. पाच-पाच थर देणारे हौशी असतात, पण नवा थर लावताना त्यातला द्रावक खालचा थर थोडा सैल करतो आणि जास्तीचं वॅक्स पुसण्यात निघून जातं. दोनानंतर गाडीपेक्षा मनाचंच समाधान जास्त.

हे वॅक्स कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून येतं. हा ताड ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखात वाढतो आणि पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यांवर मेणाचा लेप चढवतो. म्हणजे एका दुष्काळी मुलखातल्या झाडानं पाणी वाचवण्यासाठी केलेला लेप मी दुसऱ्या दुष्काळी मुलखात तीन बादल्या पाणी ओतून गाडीला लावत होतो. आई दारातून म्हणालीच, "तीन गेल्या." आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग. अप्पा गाडी कोरडी पुसायचे ते अडाणीपणानं नव्हे. पाणी जपायचं आणि गाडीही जपायची, यातून त्यांनी काढलेली ती वाट होती. माझी पद्धत जिथून आली होती तिथे पाइप सोडला की पाणी येत होतं.

पण हे त्या दिवशी सुचलं नाही. आरशासारख्या बॉनेटकडे बघून मी ते वाक्य बोललो.

जूनमध्ये घरी आलो तर गाडीवर कव्हर, कव्हरवर धूळ. चावी फिरवली, बॅटरी उतरलेली. मंडईला दोघं स्कूटरवरून जात होते. आदल्याच आठवड्यात पंढरपूरला जाऊन आले, तेही एसटीनं. मी विचारलं तर आई म्हणाली, "तुझी गाडी खराब व्हायला नको म्हणतात." "तुझी" हा शब्द तिनं सहज वापरला होता. मला तो लागला.

संध्याकाळी अप्पा पंढरपूरबद्दल बोलत होते. नोकरीत असताना आषाढीला त्यांची ड्युटी जादा गाड्यांवर असायची. पंढरपूर शेकडो वेळा झालं, पण दर्शन बहुतेकदा नामदेव पायरीचं नाहीतर कळसाचं. पायांवर डोकं ठेवायला मिळालं ते निवृत्तीनंतर. तासन्‌तास रांग आणि पायांशी दोन सेकंद. "तेवढ्यासाठीच तर जायचं," म्हणाले.

त्या पायांची झीज हा जुना प्रश्न आहे. पाणी, पंचामृत आणि लाखो लोकांचे हात-कपाळ यांनी दगड झिजतो. त्यावर उपाय म्हणून मूर्तीला वज्रलेप करतात. 2020 च्या जूनमध्ये, टाळेबंदीत मंदिर भाविकांना बंद होतं, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला. त्याआधीही तो झाला होता. शब्द मात्र फार जुना. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळं, सावरीची फुलं वगैरे पाण्यात आटवून करायचा लेप देवळांना आणि मूर्तींना द्यावा, तो कोटी वर्षं टिकतो, असं त्यात म्हटलंय. आजचा वज्रलेप काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. मला आजचाच जास्त प्रामाणिक वाटतो.

झिजणारी गोष्ट वाचवायचे दोन मार्ग दिसतात. हात थांबवायचे, किंवा हात आणि वस्तू यांच्यामध्ये काहीतरी ठेवायचं आणि ते झिजू द्यायचं. पंढरपुरात हात थांबवणं सोपं होतं: एक कठडा लावायचा आणि सगळ्यांना मुखदर्शन द्यायचं. 2024 मध्ये जतनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होतं. काम झालं आणि ते परत सुरू केलं. हा निर्णय मला विचार करण्यासारखा वाटतो. दगड जपायचा तो कशासाठी, हे तिथे आधीच ठरलेलं आहे. पायांवर डोकं ठेवता यावं यासाठी. ज्याला कुणी शिवत नाही असा अभंग विठ्ठल संग्रहालयात शोभेल, रांगेतल्या माणसाच्या तो कामाचा नाही.

त्याच देवळाच्या दारात 'हात लावू नका' हे वाक्य एका वेगळ्या अर्थानं शतकानुशतकं उभं होतं. ते उठावं म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण केलं. तिथे भीती झिजेची नव्हती, विटाळाची होती. माझं वाक्य त्याच तराजूत तोलणं चूक होईल, माझ्या बाजूला मायक्रॉनचा हिशेब होता. पण ऐकणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: वस्तू कुणाची आणि तिच्याजवळ कुणी यायचं, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. कारण शास्त्रीय असलं म्हणून ते ठरवायचा हक्क आपोआप मिळत नाही. मी अप्पांना ओरखडे दाखवले नव्हते, विचारलं नव्हतं. नुसतं ठरवलं होतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. प्रेमानं घासलं तरी ओरखडा येतोच. अप्पांच्या मायेमुळे क्लिअर कोट जाड होत नाही. म्हणून 'राहू द्या, भावना महत्त्वाची' असं म्हणणंही मला पटत नाही, त्यात समोरच्याला समजेल असं आपण धरतच नाही. आणखी एक सोपी वाट होती. एका दुकानदारानं सुचवलं होतं, सिरॅमिक कोटिंग करा आणि काही वर्षं विसरून जा. मोह झाला. पण कायमच्या लेपाची एक गोष्ट आपल्याकडेच घडलेली आहे. 1920 च्या सुमारास निजामाच्या सरकारनं अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रांवर शेलॅकचा थर दिला. पुढे तो थर पिवळट, काळपट झाला आणि तो काढणं हेच पुढच्यांचं अवघड काम होऊन बसलं. सिरॅमिकनं आमच्या गाडीचं तसं काही झालं नसतं. मला खटकलं ते 'विसरून जा'. मी एप्रिलमध्ये तेच करू पाहत होतो. एकदा नीट करायचं, मग कुणी हात लावायचा नाही, मलाही पुण्यात काळजी नको.

दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज करून आणली, कव्हर काढलं आणि अप्पांना तिरक्या उन्हात बॉनेट दाखवलं. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. "एसटीला असलं काय नसतंय," म्हणाले. मग आम्ही भांडत भांडत एक पद्धत ठरवली. अर्धी बादली पाणी, फवाऱ्याच्या बाटलीनं आधी धूळ ओली करायची, मग मऊ कापड, गोल न फिरवता सरळ ओढायचं. चादरीचा तुकडा टायरांना. मऊ कापड त्यांना आवडलं नाही. हातात काही धरल्यासारखंच वाटत नाही म्हणाले. वॅक्स दोन महिन्यांनी, मी आल्यावर, दोघांनी. ते फार जाड लावतात, मला ते उतरवताना घाम फुटतो.

परवा फोनवर आई म्हणाली, मी गेलो की ते चार दिवस फवारा मारतात, पाचव्या दिवशी पुन्हा चादरीचा तुकडा. ऑगस्टमध्ये जाईन तेव्हा दोन थर देईन.