कर्त्याचा वाटा

मनुष्यास दारिद्र्याचे भय असते, रोगाचे असते. परंतु ‘तू या कामास योग्य नाहीस’ असे कोणी म्हणेल, हे भय त्याहून निराळे होय. दारिद्र्य बाहेरून येते. हा शब्द मात्र अंतःकरणात शिरून बसतो. अशा प्रसंगी गीतामाता काय सांगते, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

छत्तीसगडातील भिलाई हे तर कर्माचेच नगर. सोव्हिएत राष्ट्राशी १९५५ साली झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होता. त्यामुळे मराठी घरे या बाजूस पूर्वीपासूनच आहेत. अशाच एका घरातील प्रसंग कल्पावा.

पन्नाशीचे एक गृहस्थ एका कारखान्यात मालाची तपासणी करतात. काही काळापूर्वी तेथे नवे मोजणीयंत्र आले. तेव्हापासून त्यांच्या नोंदींत चुका होऊ लागल्या. एके दिवशी हाती नोटीस पडली : तीन महिन्यांत काम सुधारले नाही, तर सेवा समाप्त करण्यात येईल. नोकरीबरोबर वसाहतीतील राहते घरही जाणार. रात्री पाने वाढली, पण हात ताटाकडे जाईना. “अहो, दोन घास तरी खा,” असे पत्नीने विनविले. “माझे नशीबच फुटके!” एवढेच ते उत्तरले. घटकाभराने म्हणाले, “हा सारा वरिष्ठांचा डाव आहे.” आणि अंथरुणावर पडल्यावर मनाशी म्हणाले, ‘मीच निकामी झालो.’

नशीब, वरिष्ठ आणि ‘मी’ : एका रात्रीत तीन कर्ते झाले! यांतील खरा कोणता?

अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. शांकरभाष्यात अधिष्ठान म्हणजे देह. केवळ स्वतःसच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी शुद्ध नव्हे, असेही भगवान तेथेच सांगतात. त्या स्थळी मूळ विषय आत्म्याच्या अकर्तृत्वाचा आहे हे खरे. तथापि व्यवहारातही ही पंचकारणांची वाटणी मोठी उपकारक आहे.

त्या गृहस्थांच्या कर्मास ती लावून पाहावी. वयाने दृष्टी मंदावली, हा देहाचा वाटा. यंत्र नवे व अपरिचित, हा करणाचा. पाळी संपत आली की नोंदी घाईने उरकणे, हा चेष्टेचा. काही वाटा दैवाचाही असेल. मग कर्त्याचा कोणता? विशीतल्या सहकाऱ्यांना यंत्र समजावून मागणे कमीपणाचे वाटले, तो! पाचांपैकी हा एक वाटा सर्वस्वी त्यांच्या हातचा. आणि नेमका तोच त्या तिन्ही उद्गारांत आला नव्हता. ‘मीच निकामी’ या शब्दांतही कबुली नाही; कारण निकामी माणसाला काही सुधारावयाचे उरत नाही. त्याच अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत आळस व दीर्घसूत्रीपणा यांच्या जोडीला विषादही गणला आहे, तो यासाठीच.

येथे कोणी म्हणेल, ‘फळाची आशा सोडा असेच गीता सांगते; मग नोकरी राहो वा जावो!’ परंतु फलत्याग म्हणजे कर्मातील हयगय नव्हे. दुसऱ्या अध्यायातील कर्मकौशल्य हे केवळ हाताची सफाई नव्हे, तर कर्म करूनही बंधन न पडू देणारी समबुद्धी होय, हे खरे. पण ज्याने काम मन लावून केलेच नाही, त्याने त्यागावयाचे तरी काय?

तेव्हा त्या गृहस्थांनी सकाळी उठून प्रथम डोळे तपासून घ्यावेत. मग त्या तरुणाजवळ जाऊन म्हणावे, “बाबा रे, हे मला पुन्हा एकदा दाखव.” नोटिशीच्या उत्तरात जी चूक खरी ती मान्य करावी, जी आपली नाही ती नम्रपणे, पण स्पष्ट नाकारावी. वरिष्ठांनीही हीच पाच कारणे तपासावीत. दोषी ठरविण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे, हे न्यायाचे तत्त्व आहे. अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले, तेव्हा भगवंतांनी कठोर शब्द वापरले. पण रथ सोडला नाही.

एवढे करूनही नोकरी टिकेलच, असे वचन गीता देत नाही. कदाचित ती जाईल. भिलाईत रेल्वेचे रूळ घडतात. त्यांतील आतला दोषही ध्वनिलहरींनी शोधून काढतात आणि सदोष रूळ बाजूस ठेवतात. पण त्यातले लोखंड वाया जात नाही. ते वितळून पुन्हा पोलाद होते. लोखंडास त्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो; मनुष्याने मात्र आपला उद्धार आपणच करावा, हे सहाव्या अध्यायाचे सांगणे आहे. पद जाईल, पण शिकण्याची नम्रता व खरे बोलण्याचे धैर्य कोणत्याही आज्ञापत्राने काढून घेता येत नाही.

ज्याच्या घरी आज अशी नोटीस आली असेल, त्याने हा विचार मनी धरावा, दोन घास खावेत आणि उद्याच्या पाळीस वेळेवर जावे. सिद्धी-असिद्धीत निर्विकार राहून धैर्य आणि उत्साह न सोडण्याचे बळ भगवान श्रीकृष्ण त्यास देवोत.