पेडलचं रबर

आमची मारुती ८०० मी १९९८ साली घेतली आणि २०१६ साली विकली. अठरा वर्षांत तिने मला रस्त्यात एकदाच थांबवलं. फॅनबेल्ट तुटला होता आणि चूक माझी होती. मेस्त्रींनी दोन महिने आधीच बजावलं होतं, "सर, बेल्टला चिरा पडल्यात, बदलून घ्या." मी आज-उद्या करत राहिलो.

त्या दिवसापासून मी गाडीची वही घातली. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे गेले. ऑइल, प्लग, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट आणि क्लच पेडलचं रबरसुद्धा. बूट घासून घासून रबरावरच्या रेघा गेल्या की पावसाळ्यात पाय सटकतो, म्हणून मेस्त्री ते न विचारताच बदलायचे. एकदा जुनं रबर माझ्या हातात देऊन म्हणाले, "गाडी किती पळलीय ते इथं बघायचं, सर. मीटर मागं फिरवता येतो. रबराला कोण मागं फिरवणार?"

हे वाक्य मी कधी विसरलो नाही. पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं, असं म्हणायची सोय मला म्हणूनच नाही.

इंजिन एवढंसं, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. थंडीत चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, आवाज एकसारखा झाला की चोक हळूहळू आत ढकलायचा. बहिणीचं सासर चिपळूणला. कऱ्हाडहून शंभरेक किलोमीटर, मध्ये कुंभार्ली घाट. परतताना पोफळी मागे पडली आणि चढ लागला की मी काच खाली करायचो. दुसऱ्या गिअरवर ती कशी चढतेय ते कानाने कळायचं. जरा आवाज बदलला की मी वळणापलीकडे बाजूला घ्यायचो, पाच मिनिटं थांबायचो, आई पदराने वारा घेत तांब्यातलं पाणी प्यायची आणि आम्ही पुढे निघायचो. त्या गाडीचं असं काही नव्हतं जे मला ठाऊक नव्हतं.

मग विकली का? गाडीत काही बिघाड नव्हता. १५ वर्षं झाल्यावर २०१३ मध्ये पासिंग करून घेतलं होतं, ते पाच वर्षं चालणार होतं. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने ८०० बनवणं बंद केलं, तेव्हा आता पार्ट मिळणार नाहीत असं जो तो सांगू लागला. मेस्त्री मात्र म्हणाले, इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत, पार्टची काळजी सोडा. मला पार्टची काळजी नव्हतीच. पुतण्याच्या लग्नात कार्यालयाच्या फाटकाशी एका पाहुण्यांनी विचारलं होतं, "सर, अजून हीच का?" त्यांच्या मनात काही वाईट नसावं. पण मी गाडी मांडवापासून लांब, भिंतीच्या कडेला नेऊन लावली आणि त्याच दिवशी मनाने विकली.

उंब्रजकडचा एक रोपवाटिकावाला बघायला आला. बॉनेट उघडण्याआधी त्याने वही मागितली, रात्रीपुरती घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ४२,००० रुपये घेऊन दारात उभा. घासाघीस नाही. मी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आई उंबऱ्यात उभी होती. मी आत निघून आलो.

नवी घेतली ती एका दलालाकडून. २०११ची, डिझेल, लांबलचक, पांढरीशुभ्र. चामड्याची सीट. मीटरवर ४८,००० किलोमीटर. सर्व्हिसचे कागद विचारले तर म्हणाला, पहिल्या मालकाकडे राहिलेत, मागवून देतो. मी आत बसलो, क्लच दाबला आणि खाली बघितलं. रबर गुळगुळीत. एकही रेघ नाही. उजव्या कडेला तर खालचं लोखंड चमकत होतं.

मी बघितलं. एखादा क्षण नव्हे, चांगलं बघितलं. मेस्त्रींचा आवाजही कानात आला. आणि मग मी सीटवरून हात फिरवला. गाडी बघायला मेस्त्रींना बरोबर नेलं नव्हतं, कारण ते काय म्हणतील हे मला घरातून निघतानाच माहीत होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. तिसऱ्या महिन्यात इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनर लावला, सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला. मग एक इंजेक्टर, मग दुसरा. ८०० विकून आलेले पैसे दिवाळीच्या आत तिच्यात गेले. एका सर्व्हिस सेंटरवाल्याने चॅसी नंबरवरून जुनी नोंद काढून दाखवली: मी घेण्याच्या दोन वर्षं आधीच गाडी १,३२,००० पळलेली होती.

आणि एक संध्याकाळ. गौरी-गणपती उरकून आम्ही चिपळूणहून परतत होतो. घाटात पाऊस, धुकं. अर्ध्या चढावर दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला. पाय दाबतोय, गाडी ढिम्म. मागे ट्रकची रांग. एका ट्रकचा क्लीनर भिजत उतरला आणि त्याने न सांगता मागच्या चाकांना दगड लावले. काच खाली करून ऐकावं तर मला त्या इंजिनाचं काहीच कळत नव्हतं. आई मागे पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आपली गाडी असती तर आत्ता पाटण आलं असतं रे."

आपली गाडी. विकून वर्ष होऊन गेलं होतं.

त्या रविवारी मी उंब्रजला गेलो. ८०० रोपवाटिकेच्या शेडमध्ये उभी होती, मागच्या सीटवर झेंडूच्या रोपांचे ट्रे. मी आढेवेढे न घेता म्हणालो, "परत देता का? म्हणाल ती किंमत."

त्याने मला आधी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "नाही देणार, सर. राग मानू नका. त्या आठवड्यात मी चार ८०० बघितल्या होत्या. तुमच्या गाडीपेक्षा दोन तर दिसायला झकास होत्या. पण वही फक्त तुमच्याकडं होती. मी गाडी नाही, वही बघून पैसे दिले."

आतून त्याने वही आणली. माझं अक्षर संपतं तिथून त्याचं सुरू झालं होतं, जरा तिरकं, पण तारीख, किलोमीटर, पैसे, सगळं त्याच क्रमाने. शेवटची नोंद गेल्याच आठवड्याची होती. मी ती दोनदा वाचली.

"एक चक्कर मारून या," म्हणत त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

आत बसलो. ओल्या मातीचा आणि झेंडूचा वास. चोक ओढला, क्लचवर पाय ठेवला. पातळ चपलेच्या तळव्यातून रबराच्या रेघा लागत होत्या, एक एक मोजता येईल इतक्या ताज्या.