मागाहून जेवणारी

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की खाडीपल्याड कोन गाव येतं. तिथल्या एका घरात सासूबाईंना तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण रोज दिलं तरी चाललं असतं. एका दुपारी मात्र त्यांनी भाकरी बाजूला सारली. ‘‘गल्यान अरकतं गो,’’ म्हणाल्या.

सुनेने भाकरी कालवणात भिजवून दिली. पुढे मऊ भात, त्यापुढे पेज. दात गेलेत म्हणून होतंय, असं मुलाला वाटलं. पडजीभ वाढली असेल, असं कुणी म्हणालं. शेजारणीने दृष्टही काढली. सून मायेने जेवण पातळ करत गेली आणि त्या मायेआड आजार दडून राहिला. म्हातारीचे हातपाय काटकुळे दिसू लागले, तेव्हा मुलाने तिला सायनच्या रुग्णालयात नेलं. सोबतीला सून.

‘‘पाणी, पेज उतरते का?’’ डॉक्टरांनी आधी हेच विचारलं. उतरत होती. या एका प्रश्नाने निदानाची निम्मी वाट सापडते. फक्त घट्ट घासच अडकत असेल, तर अन्ननलिका कुठेतरी अरुंद झाली असण्याची शक्यता मोठी. पाणीही पहिल्यापासून अडकत असेल, तर तिच्या स्नायूंची हालचाल बिघडलेली असू शकते. वजन उतरलेलं, त्यात वर्षानुवर्षांची मिश्री. म्हणून कर्करोगाची शंका होती. दुर्बीण घालून तुकडा तपासला. कर्करोग निघाला नाही. छातीतली जळजळ म्हातारीने अंगावर काढली होती आणि वर येणाऱ्या आम्लाने नळीचं खालचं टोक व्रण पडून आकसलं होतं. फुग्याने वाट रुंद केली, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. मिश्री बंद, आणि जेवल्यावर लगेच आडवं पडणंही बंद.

कागद घ्यायला सुनेने हात पुढे केला आणि डॉक्टरांची नजर तिच्या नखांवर थांबली. पांढुरकी, मधे चमच्यासारखी खोलगट.

‘‘तुम्ही काय जेवता?’’

सून खाली बघत राहिली. सासूच बोलली, ‘‘ती आमच्याबरोबर बसतच नाही. मागाहून काय खाते, मी कधी बघितलं नाही.’’

मग हळूहळू कळलं. भाकरी तिच्याही घशात अडकत होती, सासूच्या आधीपासून. सगळे उठले की ती उरलेली पेज पिऊन घ्यायची. जिना चढताना धाप लागायची, ते कामाने होत असेल असं तिनेच ठरवून टाकलं होतं.

तिच्या अंगात लोह फार कमी होतं आणि अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा धरला होता. ब्रिटनमधल्या पॅटरसन आणि ब्राऊन केली या डॉक्टरांनी १९१९ सालीच या दुखण्याचं वर्णन केलं आहे. ते बायकांमध्ये अधिक आढळतं आणि वेळेवर ओळखलं तर बरं होतं. तिचा पडदा दुर्बिणीतून फोडला, काही महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि लोह कशाने कमी झालं याचाही शोध घेतला. पाळीत जास्त रक्त जात होतं. त्यावरही उपचार झाले. अशा रुग्णांना पुढे घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, म्हणून तपासणीला येत राहायला सांगितलं. मला या सगळ्यात डॉक्टरांच्या कौशल्याइतकीच त्यांची नजर मोठी वाटते. ती सोबत आलेल्या बाईकडेही गेली.

आता त्या घरात सासूबाई सून बसल्याशिवाय पहिला घास घेत नाहीत.

वाचकहो, आज तुमच्याही घरात जी मागाहून जेवते, तिच्या ताटात डोकावून बघा. घास अडकत असेल तर जेवण पातळ करून दिवस ढकलू नका, तिला डॉक्टरांकडे न्या. आणि घास अडकून थुंकीही गिळता येईनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.