पान्ह्यापुरतं वासरू

'हेरा फेरी' आमच्या घरात टीव्हीवर किती वेळा लागला, त्याची मोजदाद नाही. सिनेमा २००० सालचा. जाड भिंगाचा बाबुराव गणपतराव आपटे पडद्यावर आला की पोरंटोरं, सुना, सगळे हातातलं काम टाकून बसतात. परेश रावलनं तो माणूस केलाय बी तसा. मीही हसतो. पण त्यातली रिंकू मला टोचत राहते.

रिंकू कोण, असं विचारलं तर सिनेमा तोंडपाठ असणारेसुद्धा जरा थांबतात. देवीप्रसाद शेटची ती नात. कबिराची टोळी तिला पळवते. खंडणीचा फोन नंबराच्या घोळामुळं बाबुरावच्या गॅरेजवर येतो. मग राजू, श्याम आणि बाबुराव, तिघंही पैशापायी गांजलेले, ठरवतात की शेटकडं दुप्पट मागायचे, निम्मे कबिराला द्यायचे, उरलेले आपले. इथून पुढं हसून हसून पोट दुखतं.

शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. ही अडत आहे. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा, मधल्यानं भाव वाढवायचा. फक्त इथं कांद्याची वक्कल नाही, पोरगी आहे.

ते तिघं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कर्ज माणसाला काय काय करायला लावतं ते आम्हाला पुस्तकात वाचावं लागत नाही. शिवाय पोरगी त्यांनी पळवलेली नाही, आणि ती सुटावी असंच त्यांनाही वाटतं. पण पहिला फोन चुकून आला, तेव्हाच शेटला जाऊन सांगितलं असतं तर? सिनेमा तिथंच मिटला असता. म्हणजे आपल्याला हसायला मिळावं म्हणून तिला आत राहणं भाग आहे. आपण जितका वेळ हसतो, तितका वेळ ती कबिराच्या ताब्यात.

पूर्वी गाईचं वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढं उभं करायचे. गाय चाटायची, पान्हा सोडायची, धार निघायची. रिंकूचं तसंच केलंय. तिच्यापायी आजोबाचा पैसा सुटावा आणि आपलं हसू सुटावं, एवढंच तिचं काम. ती जेवली का, रात्री कुणाच्या कुशीत झोपली, याची सिनेमाला गरजच पडत नाही.

थोरला म्हणतो, "आबा, कॉमेडी हाय ती. तुमी लई इचार करता." त्याचंही खोटं नाही. आणि लेकराच्या भीतीवर हसायचंच नाही म्हटलं, तर आपल्या घरातली निम्मी गंमत बंद पडेल. 'तुला जुन्या लुगड्यावर बोहारणीकडनं घेतलंय,' असं म्हणून आपण पोरांना रडवतोच की. पोराचा ओठ थरथरायला लागला की सगळी ओसरी हसते. पण तिथं पोर समोर असतं. त्याचे डोळे भरलेले दिसतात. मग म्हातारी ओरडते, "बास करा आता," आणि त्याला उचलून कडेवर घेते.

'हेरा फेरी'त ती म्हातारी कुणी व्हायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.